शनिवारची पायवाट: बाळ पुढे की पाठीवर?

मंडळी,
शनिवारी बाळाला घेऊन येतेय. पाच महिन्यांचा झालाय. बाळाला अंगाशी बांधायचा कॅरिअर तोच, ताईंनी दिलेला. पण आता पाय नुसते लोंबतात, आणि पुढे घेतलं की मला पायाखालचं दिसत नाही. पाठीवर घेऊ का? मान छान धरतो, बसत नाही अजून. गुरुवारपर्यंत कळवा.

---

मान धरणं पुरेसं नाही गं. आधाराशिवाय बसायला लागेपर्यंत पाठीवर नको, म्हणजे साधारण सहा महिने. कॅरिअरच्या पुस्तिकेत त्याहून जास्त वय दिलं असेल तर तेच धर. पाठीवर त्याचा चेहरा तुला दिसणार नाही. हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट दबते, आणि एवढी लहान बाळं आवाजही न करता गुदमरतात. हनुवटीखाली दोन बोटं मावली पाहिजेत. मान किंचित वाकवून पापी घेता आली, तर उंची बरोबर.
– काकू

---

कॅरिअर माझा आहे म्हणून लिहिते. पाय लोंबतात ते सीट अरुंद ठेवल्यामुळे. कमरपट्ट्याजवळची बटणं सोडून ती रुंद कर. कापड एका गुडघ्यामागच्या लवणीपासून दुसऱ्यापर्यंत पोचायला हवं, गुडघे बुडापेक्षा जरा वर. पहिले सहा महिने खुब्याला फार जपावं लागतं. आणि कमरपट्टा तुझ्या कमरेच्या हाडांवर घट्ट बसव, म्हणजे वजन खांद्यांवर येणार नाही.

---

खुब्याचं ताई बोलल्या ते अगदी खरं. आमच्या नातीचा खुबा सरकलेला निघाला, तेव्हा पट्टे बांधले होते. त्यातही मांड्या अशाच वर आणि फाकलेल्या ठेवतात. पाय सरळ करून आवळून गुंडाळणंही म्हणूनच वाईट. आमच्या घरात यावर बरीच वादावादी झाली होती.
– काका

---

काका, तो विषय वेगळ्या मेलवर घ्या, सहलीचं राहून जातंय. वाट मी ठरवली आहे आणि ती बदलणार नाही, पण पायऱ्या टाळून जाणारा फाटा आहे. बाळवाल्यांनी तिकडून यावं.

---

तोंड बाहेर करून बसवलं तर? आमची तशीच खूश असते.

---

मान पक्की असेल तर थोडा वेळ चालेल. झोप आली की लगेच आत वळवायचं, बाहेर तोंड असताना डोक्याला आधार नसतो. कॅरिअरचं कापड म्हणजे कपड्यांचा एक थरच, तेव्हा एक कपडा कमी घाला. काही उचलायचं तर गुडघ्यांत वाका, कमरेत नाही.
– काकू

---

बटणं सापडली, सीट रुंद झाली. पुढेच घेते आणि फाट्याने येते. कोणीतरी माझ्या पुढे चाला, खड्डा आला की सांगा.