मुलाखतीतील उत्तर किती लांब असावे?

प्रश्न : लातूरचा उमेदवार
केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीसाठी मी मराठी माध्यम निवडले आहे. अभिरूप मुलाखतींत मात्र एकच शेरा वारंवार मिळतो की, माहिती पुरेशी आहे, पण उत्तर पसरट होते. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी का आणावे लागले, असे विचारल्यावर मी मराठवाड्याच्या पर्जन्यमानापासून आरंभ केला आणि मांजरा धरणापर्यंत पोहोचण्याआधीच मला थांबवण्यात आले. उत्तर आटोपशीर करताना ते उथळ वाटू नये, यासाठी काय करावे?

उत्तर : निवृत्त अधिकारी
ही मुख्य परीक्षेच्या लेखनाची सवय आहे. तेथे प्रस्तावनेला जागा असते, मंडळासमोर नसते. ‘का’ असे विचारले की पहिल्याच वाक्यात कारण यावे. ‘सलग अवर्षणामुळे मांजरा धरण कोरडे पडले, भूजलही खोल गेले आणि जवळ भरवशाचा दुसरा स्रोत नसल्याने मिरजेहून पाणी आणावे लागले,’ एवढे सांगून थांबावे. ऊस, पीकपद्धती, शहराची पाणीपुरवठा योजना हे विषय सदस्यांना विचारण्यासाठी मोकळे ठेवावेत, आणि ते बहुधा विचारतातच. ही चाचणी 275 गुणांची असून, ती उलटतपासणी नव्हे तर हेतुपूर्वक वळवलेला सहज संवाद असल्याचे आयोगाच्या अधिसूचनेतच म्हटले आहे. संवादात एकट्यानेच बोलत राहणे शोभत नाही.

उत्तर : कृषी पदवीधर
वस्तुस्थितीच्या प्रश्नाला हे लागू पडते, परंतु मताच्या प्रश्नाला तेवढेच पुरेसे नाही. मराठवाड्यात उसावर बंदी घालावी का, याला नुसते ‘होय’ म्हणणारा उमेदवार पुढच्याच प्रश्नात अडकतो, कारण उसाला ठरलेला दर आणि कारखान्याची खरेदी असते, तसा भरवसा सोयाबीनला किंवा तुरीला नसतो. म्हणून आधी भूमिका, मग अट आणि शेवटी एकच कारण सांगावे : ‘सरसकट बंदी नको, मात्र ठिबक सिंचनाशिवाय उसाला धरणाचे पाणी देऊ नये, कारण हे पीक वर्षभर पाणी घेते.’

उत्तर : मराठी माध्यमाचा परीक्षार्थी
एक गोष्ट राहिली. मराठीतून बोलताना मध्ये दुभाषक असतो आणि चार उपवाक्यांचे लांबलचक वाक्य त्याच्याकडून जसेच्या तसे पुढे जाईल, याची खात्री नसते. आपला मुद्दा क्रियापदाआधीच्या गर्दीत हरवू देऊ नये. सरावाच्या वेळी एखाद्या मित्राला आपले उत्तर लगेच इंग्रजीत सांगायला लावावे. तो जेथे अडखळेल, तेथे वाक्य तोडावे.