'प्रीचिंग टु द क्वायर'ला मराठीत काय म्हणाल?

एका लेखाचं भाषांतर करतोय. प्लास्टिकबंदीच्या सभेत वक्ता म्हणतो, 'आय ॲम प्रीचिंग टु द क्वायर हिअर.' संपादकांनी 'पालथ्या घड्यावर पाणी' सुचवलंय. चालेल का?

— नाही चालणार, अर्थ नेमका उलटा होईल. इंग्रजीत याचा अर्थ, ज्यांना आधीच पटलंय त्यांनाच पटवत बसणं. पालथ्या घड्यात थेंब शिरत नाही, आणि इथे तर घडा काठोकाठ भरलेला आहे. 'गाढवापुढे वाचली गीता'ही त्याच कारणाने बाद. न ऐकणाऱ्यांवर आपल्याकडे म्हणींचा सुकाळ आहे, पण ज्यांना आधीच पटलंय त्यांच्यावर धड एक आठवत नाही.

क्वायर म्हणजे चर्चमधला गायकवृंद. 'प्रीचिंग टु द कन्व्हर्टेड' हे जुनं रूप, एकोणिसाव्या शतकातलं. ब्रिटिश अजूनही तेच जास्त वापरतात. क्वायरवालं अमेरिकन, १९७०च्या दशकात रुळलेलं. तिकडच्या बऱ्याच प्रॉटेस्टंट चर्चमध्ये क्वायर उपदेशकाच्या पाठीमागे बसतो. म्हणजे त्याला उपदेश करायचा तर ज्यांच्यासाठी यायचं त्या समोरच्या मंडळींकडे पाठ फिरवायची! वारकरी कीर्तनात टाळकरीही बुवांच्या मागेच उभे असतात, म्हणून मी 'टाळकऱ्यांनाच कीर्तन' म्हणेन. कोशात सापडणार नाही, पण वाचणाऱ्याला लगेच कळेल.

— टाळकरी झकास! पण प्लास्टिकबंदीच्या सभेत बुवा कुठून आले, असं वाटेल. सरळ 'पटलेल्यांनाच पटवतोय' लिहा ना.

— वसईकर म्हणून एक सांगू का? आमच्या चर्चमध्ये क्वायर मागे, वर माळ्यावर. खाली फादरांचं प्रवचन रंगात आलेलं असतं आणि वर आम्ही पुढच्या गीताचं पान शोधतोय, नाहीतर कीबोर्डवाल्याला खुणेने पट्टी विचारतोय. तेव्हा क्वायरला सगळं पटलेलंच असतं हे इंग्रजीवाल्यांनी कशावरून ठरवलं, देव जाणे.

— एक राहिलं. हे वाक्य बहुतेकदा ऐकणाऱ्याच्या तोंडी असतं, 'यू आर प्रीचिंग टु द क्वायर.' तिथे टाळकरी, कीर्तन काही नको. सोसायटीत कुणी ओला-सुका कचरा वेगळा ठेवा म्हणून तुम्हालाच ऐकवू लागलं, आणि तुमच्या दाराशी आधीच दोन डबे असतील, तर काय म्हणाल? 'अहो, मला काय सांगताय, तिसऱ्या मजल्यावर सांगा!' भाषांतरात तेच घाला. वक्त्याच्या वाक्याला मात्र 'पटलेल्यांनाच पटवतोय' चांगलं.