'द लाँगेस्ट डे' डीव्हीडीवर १७१ मिनिटांचाच का?

करडा_पडदा:
दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडी चढाईवरचा कृष्णधवल 'द लाँगेस्ट डे' (१९६२) माझ्याकडे पाल (PAL, भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर आहे. चित्रपटाची लांबी सगळीकडे १७८ मिनिटं दिलेली असते, प्लेअर मात्र १७१ दाखवतो. सात मिनिटं कापली असतील तर कुठली? शिवाय १६:९ टीव्हीवर चित्राच्या चारही बाजूंना काळं राहतं. टीव्हीचा झूम लावला की रुंदी भरते, पण जर्मन-फ्रेंच संवादांची उपशीर्षकं गायब. चित्राला किंचित हिरवट झाक आहे, आणि सेंत-मेर-एग्लीज या फ्रेंच गावातल्या रात्रीच्या प्रसंगात पॅराट्रूपर अंधारात विरघळून जातात. यातलं काय डिस्कचं आणि काय सेटिंगचं? ब्लू-रे घ्यावी का? जाणकारांनी सांगावं.

चोवीस_चौकटी:
काहीही कापलेलं नाही. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम) चालते, पाल २५ने. डिस्क बनवताना सरळ वेग वाढवतात, म्हणून १७८ × २४ ÷ २५ = १७०.९ मिनिटं. खात्री करायची असेल तर ब्लू-रेवर बरोबर १ तासाला येणारा प्रसंग पालवर ५७:३६ला यायला हवा. फरक असा हळूहळू वाढत गेला तर तो वेगाचा. एकाच जागी अचानक उडी मारली तर कात्री.

वेगाबरोबर आवाजही चढतो, पेटीच्या एका पट्टीहून जरा कमी. पार्श्वसंगीत ओळखीचं असेल तर खटकतं. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. मात्र ध्वनीच्या सेटिंगमधला 'टाइम स्ट्रेचिंग' हा पर्याय आधी बंद करा. तो चालू असला तर वेग उतरतो आणि स्वर चढलेलाच राहतो, म्हणजे अर्धंच काम होतं.

रुंदपट:
चारही बाजूंना काळं याचा अर्थ डिस्क अ‍ॅनामॉर्फिक नाही. म्हणजे रुंद चित्र आडवं दाबून साठवलेलं नाही, २.३५:१चं सिनेमास्कोप चित्र तसंच ४:३च्या चौकटीत बसवलंय. पालच्या ५७६ आडव्या चित्र-ओळींपैकी चित्राला जेमतेम ३२७ मिळतात. अ‍ॅनामॉर्फिक डिस्कवर ४३६ मिळाल्या असत्या. हा तपशील डिस्कवरच नाही, त्यामुळे कुठलंही सेटिंग तो परत आणणार नाही.

उपशीर्षकांचं गणितही इथेच आहे. झूम केल्यावर टीव्ही वरच्या ७२ आणि खालच्या ७२ ओळी फेकतो. चित्राखालची काळी पट्टी साधारण १२४ ओळींची, म्हणजे उरतात ५२. दोन ओळींच्या उपशीर्षकातली खालची ओळ हमखास जाते, बरेचदा दोन्ही. टीव्हीवर 'सबटायटल झूम' किंवा चित्र वर सरकवायचा पर्याय असेल तर तो वापरा, काही प्लेअरमध्येही अशी सोय असते. 'वाइड' किंवा 'फुल' लावू नका, त्यात माणसं आडवी पसरतात.

चोवीस_चौकटी:
उपशीर्षकांबद्दल एक भर. जर्मन पात्रं इंग्रजी बोलताना दिसली आणि ओठही जुळले तर ते डबिंग समजू नका. या चित्रपटाचे प्रसंग दोनदा चित्रित झाले होते: एकदा प्रत्येकाच्या भाषेत, एकदा सगळं इंग्रजीत. आपापल्या भाषेतली आवृत्तीच बघावी. जर्मन सेनाधिकारी आपसात इंग्रजी बोलू लागले की अर्धी गंमत गेली.

डिस्क 'हँडब्रेक' या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने संगणकावर उतरवून ठेवणार असाल तर 'फॉरिन ऑडिओ स्कॅन'वर विसंबू नका. तो साधारण १० टक्के किंवा त्याहून कमी वेळ दिसणारी उपशीर्षकं शोधतो. इथे परभाषेतले संवाद इतके आहेत की अंदाज चुकू शकतो. ट्रॅक हाताने निवडा आणि दोस्त राष्ट्रांच्या एखाद्या प्रसंगात तपासा. तिथे इंग्रजी संवादांवर अक्षरं आली तर चुकीचा ट्रॅक घेतलाय.

काळा_पांढरा:
हिरवट झाकेसाठी टीव्हीवर 'कलर' शून्यावर न्या. झाक गेली तर ती डिस्कमधून किंवा केबलमधून येत होती. शून्यावर ठेवूनच बघा, कृष्णधवल चित्राचं त्यात काही बिघडत नाही. राहिली तर टीव्हीचा पांढरा रंग चुकलाय. 'वॉर्म' निवडा, रंगाचं तापमान ६५०० केल्विनच्या आसपास येईल. पिवळी पिनवाली कंपोझिट केबल असेल तर आधी ती काढा. बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा तिच्यातून रंग म्हणून वाचल्या जातात आणि जाळ्या-कुंपणांवर इंद्रधनुष्य नाचतं. कलर शून्य केल्यावर रंग जातील, कडांवर सरकणारे ठिपके जाणार नाहीत.

पॅराट्रूपर विरघळतात ते बहुधा एचडीएमआयच्या 'ब्लॅक लेव्हल'मुळे. प्लेअर काळ्या ते पांढऱ्यापर्यंतच्या छटा १६ ते २३५ या पट्ट्यात ('लिमिटेड') पाठवत असेल तर टीव्हीही त्याच पट्ट्यावर हवा. प्लेअर ० ते २५५ पाठवतो आणि टीव्ही १६-२३५ धरून बसतो, तेव्हा १६च्या खालचं सगळं ठार काळं होतं. उलटं झालं तर काळं राखाडी, धुरकट दिसतं. दोन्हीकडे 'लिमिटेड' ठेवा. त्यानंतरच ब्राइटनेसला हात लावा.

करडा_पडदा:
कलर शून्यावर झाक गेली, केबल कंपोझिटच होती. ती काढून एचडीएमआय लावली आणि ब्लॅक लेव्हल जुळवल्यावर चर्चच्या मनोऱ्याला लटकलेला सैनिक स्पष्ट दिसतोय. धन्यवाद! धुराच्या प्रसंगात मात्र चौकोन-चौकोन दिसतात, त्याचं काय?

रुंदपट:
डिस्कची एकूण साइज बघा. एकपदरी ४.७ जीबीत १७१ मिनिटं बसवली तर सरासरी ३.७ मेगाबिट प्रति सेकंद मिळतात, आवाज धरून. दुपदरी ८.५ जीबीत ६.६ मिळतात. धूर, लाटा, धावणारे शेकडो सैनिक यांना ३.७ पुरत नाहीत. उइस्त्रेआम या फ्रेंच किनारी गावावरच्या हल्ल्याचा तो हवेतून घेतलेला लांबलचक अखंड शॉट लावा. बिटरेट (सेकंदाला मिळणारे मेगाबिट) कमी पडला की तिथे लगेच कळतं.

काळा_पांढरा:
ब्लू-रेमध्ये वेग, ओळी आणि चौकोन हे तिन्ही प्रश्न सुटतात, पण घेण्याआधी चित्र बघून घ्या. फिल्मचे कण 'स्वच्छता' म्हणून पुसून टाकलेल्या आवृत्त्या असतात. एखादा जवळचा चेहरा थांबवून एकेक चौकट पुढे न्या. कण प्रत्येक चौकटीत बदलले पाहिजेत. ते गोठून बसले असतील किंवा कातडी मेणासारखी गुळगुळीत असेल तर पुसापुशी झालीय आणि ती घरी उलटवता येत नाही. मात्र हे तपासताना टीव्हीचं नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग बंद आणि शार्पनेस जवळजवळ शून्य ठेवा. नाहीतर टीव्हीचा गुन्हा डिस्कच्या नावावर लागायचा.