पहिला ट्रक, पहिलं कर्ज: बँक नक्की काय बघते?

प्रश्न: नऊ वर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवला. आता स्वतःचा घ्यायचाय, जुना चालेल. बँकेतले साहेब म्हणाले, "धंद्याचा हिशोब आणा." धंदाच सुरू नाही, हिशोब कुठला आणू?

उत्तर: त्यांना पुढचा हिशोब हवाय, दादा. महिन्याला फेऱ्या किती, भाडं किती, आणि डिझेल, टायर, विमा, दुरुस्ती जाऊन हप्त्याला काय उरतं. माझा पहिला अर्ज परत आला, कारण येताना गाडी रिकामी येते हे मी धरलंच नव्हतं! नियमित माल देणाऱ्याचं पत्र जोडलं, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

उत्तर: मी कर्ज विभागात होतो. ट्रक तारण असतोच, तरी तुम्ही पदरचे किती घालताय ते आधी बघतात. जुन्या गाडीला मुदत कमी मिळते, म्हणून हप्ता जड जातो. नऊ वर्षांचा अनुभव मात्र अर्जात ठळक लिहा, लोक तोच विसरतात.

प्रश्नकर्ता: रिकामी फेरी मीही विसरलेलो. रात्री वही काढून बसतो. टायरचे पैसे दरमहा बाजूला काढायचे का?

उत्तर: दरमहाच. टायर नेमके हप्त्याच्या आठवड्यात बसतात.