एकच कंपनी, दोन संप : स्टॉप अँड शॉप (2019) आणि डेलहेझ (2023)

चौकसबुवा
नेदरलँड्सची आहोल्ड आणि बेल्जियमची डेलहेझ या सुपरमार्केट कंपन्यांचं 2016 मध्ये विलीनीकरण झालं. अमेरिकेच्या ईशान्येकडची स्टॉप अँड शॉप दुकानं याच कंपनीची आणि बेल्जियममधलं डेलहेझही हिचंच. एप्रिल 2019 मध्ये स्टॉप अँड शॉपचे 31 हजार कामगार संपावर गेले आणि 11 दिवसांत बऱ्यापैकी पदरात पाडून परतले. मार्च 2023 मध्ये डेलहेझने बेल्जियममधली स्वतःची 128 दुकानं फ्रँचायझीला (नाव तेच, मालक वेगळा) द्यायचं जाहीर केलं. तिथे महिनोन्‌महिने संप, मोर्चे झाले, तरी सगळी दुकानं गेलीच. युरोपात कामगाराचं चालतं आणि अमेरिकेत मालकाचं, ही आपली ठरलेली समजूत. मग हे उलटं कसं झालं? गिऱ्हाइकांच्या वृत्तीचा फरक की कायद्याचा? आणि बोस्टनकडे असा संप असेल तर गिऱ्हाइकाने नेमकं काय करायचं असतं?

खटपट्या
कायदा बघाल तर अमेरिकेचा जास्त कडक. पगार-सवलतींसाठी संप केला तर मालक जागेवर कायमची बदली माणसं घेऊ शकतो. 1938 च्या मॅके रेडिओ निकालापासून हे चालू आहे. (संप मालकाच्या बेकायदा वागणुकीविरुद्ध असेल तर मात्र कायमची बदली चालत नाही. म्हणून युनियनचे वकील आधी तशी तक्रार दाखल करायला बघतात.) म्हणजे कामगार खरंच नोकरी पणाला लावतो.

तरी 2019 चा संप चालला, कारण भांडण कशावरून आहे हे गिऱ्हाइकाला सांगावं लागलं नाही. आरोग्यविम्याच्या हप्त्यातला कामगाराचा वाटा, नव्या भरतीचं पेन्शन आणि रविवारचा दीडपट पगार हे वादाचे मुद्दे. तिकडे विमा बहुतेकांना नोकरीतूनच मिळतो, त्यामुळे गल्ल्यावरच्या बाईचा विमा महागला की रांगेतल्या माणसाला आपला आठवतो. रविवारच्या मुद्द्याला आणखी एक पदर होता. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यातला दुकानांचा रविवारचा जादा दर 2019 पासून दरवर्षी थोडा-थोडा कमी होऊन 2023 ला शून्यावर येणार होता. कायदा हात काढून घेतोय म्हटल्यावर तो दर करारात धरून ठेवणं भागच होतं.

दुसरं, मालाचा पुरवठा. टीमस्टर्स युनियनचे ट्रकचालक पिकेट (संपकऱ्यांची दारापुढची फळी) ओलांडून माल पोचवायला तयार नव्हते. तिसऱ्या कंपनीवर संप लादायला 1947 च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने बंदी आहे, पण स्वतःच्या करारात ‘पिकेट ओलांडणार नाही’ असं कलम असेल तर चालक थांबू शकतो. ऑफिसातली माणसं आणून कंपनीने दुकानं उघडी ठेवली, पण मांस-मासळीचे काउंटर, बेकरी हे असं चालत नाही. त्यात ज्यूंचा पासोव्हर आणि ख्रिश्चनांचा ईस्टर एकाच आठवड्यात. ईस्टर 21 एप्रिलला होता आणि त्याच संध्याकाळी तडजोड झाली. कंपनीने नंतर सांगितलेला विक्रीतला फटका सुमारे 34.5 कोटी डॉलरचा.

गिऱ्हाइकाने काय करावं : पिकेट ओलांडू नये, एवढाच मुख्य संकेत. त्याच दुकानाची ऑनलाइन ऑर्डरही त्यातच धरतात, कारण ती भरणारी माणसं आतलीच. अडचण होते ती औषधांची. नव्या फार्मसीला फोन करून प्रिस्क्रिप्शन मागवून घ्यायला सांगा, जुन्या दुकानात जावं लागत नाही. फक्त शेड्यूल 2 मधली औषधं (तीव्र वेदनाशामकं, एडीएचडीची काही) सहसा अशी हलत नाहीत, त्यांना दर वेळी डॉक्टरकडून नवं प्रिस्क्रिप्शन लागतं; 2023 पासून न वापरलेलं इलेक्ट्रॉनिक प्रिस्क्रिप्शन तेवढं एकदा हलवता येतं.

घेंटची_घार
आता बेल्जियमची बाजू. इथे आजारपणाचा विमा सक्तीचा, म्युच्युअल संस्थेमार्फत. नोकरी कुठली याच्याशी त्याचा संबंध नाही. पगार महागाई निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढतो. तेव्हा डेलहेझचा संप पगार किंवा विम्यासाठी नव्हताच. दुकान कुठल्या ‘संयुक्त समिती’त (त्या धंद्याचे पगार आणि नियम ठरवणारी मालक-युनियनची समिती) मोडतं, यावर तो होता. मोठ्या साखळ्यांची समिती 202 क्रमांकाची, लहान स्वतंत्र किराणावाल्यांची 201, मधल्यांची 202.01. फ्रँचायझीत गेलं की दुकान 202 मधून बाहेर, आणि तिथे पगाराचे तक्ते कमी, रविवारचे नियम ढिले. शिवाय सुरक्षा समिती बसते 50 कामगारांवर आणि कामगार परिषद 100 वर. एका मोठ्या कंपनीचे तुकडे करून वेगवेगळ्या मालकांना दिले की बरीच दुकानं या आकड्यांच्या खाली येतात. म्हणजे 50 च्या खालच्या दुकानात युनियनचा निवडून आलेला प्रतिनिधीच उरत नाही. खरी जखम ही.

पण हे दूध घ्यायला आलेल्या माणसाला कसं समजावणार? सामूहिक करार ‘32-बिस’ प्रमाणे हस्तांतरणात आहे त्या कामगाराच्या अटी तशाच राहतात. कंपनी तेच सांगत राहिली : कुणाची नोकरी गेली नाही, पगार कापला नाही. फटका बसणार होता पुढे भरती होणाऱ्यांना, आणि ते तर पिकेटवर उभे नव्हते.

त्यात बेल्जियममधली बहुसंख्य डेलहेझ दुकानं आधीपासून फ्रँचायझीच होती. कंपनीचं दुकान बंद दिसलं की गिऱ्हाईक पुढच्या चौकातल्या एडी डेलहेझमध्ये (फ्रँचायझीच्या दुकानात) जायचं. पाटीवर सिंह तोच, आतला मालही तोच, वर रविवारी उघडं. अशाने बहिष्कार लागायचा कुणाला?

कोर्टाचं वेगळंच. कंपनीने एकतर्फी अर्ज करून पिकेटविरुद्ध आदेश आणले आणि बेलिफ दाराशी उभे राहिले. न हटल्यास दंड. सामूहिक करार 108 मुळे संपात एजन्सीचे कामगार आणता येत नाहीत, मात्र कंपनीने थेट घेतलेल्या विद्यार्थी-कामगारांना ती बंदी लागत नाही, आणि 2023 पासून त्यांची कमी सामाजिक-सुरक्षा वर्गणीत काम करायची मर्यादा वर्षाला 475 वरून 600 तासांवर गेली होती. दार असं सताड उघडं!

टोकदार
दोघांचंही पटलं, पण ‘वृत्ती’ अगदीच बाद करू नका. याच कंपनीच्या अल्बर्ट हाइनची नेदरलँड्समधली गोदामं 2023 च्या वसंतात संपात बंद पडली. थोड्याच दिवसांत दुकानांची कपाटं ओस, आणि पगारवाढ देऊन कंपनीने मिटवलं. गिऱ्हाइकाला विचारावंच लागलं नाही. दुकानाच्या दारात संप केला तर गिऱ्हाइकाची मर्जी लागते. गोदामात केला तर लागत नाही. बेल्जियममध्येही झेलिकच्या गोदामात अडवाअडवी झाली तेव्हाच कंपनीला खरी झळ लागली होती.

चौकसबुवा
माहितीपूर्ण! मग आपल्याकडच्या मॉलमध्ये असं काही का होत नाही?

शटरडाऊन
महाराष्ट्रात दुकानं बंद म्हटलं की आठवतं व्यापाऱ्यांचं आंदोलन. 2013 मध्ये एलबीटीविरुद्ध (स्थानिक संस्था कर) पुण्या-मुंबईत शटर ओढली ती मालकांनी. आत काम करणाऱ्या पोरांना त्या दिवसांचा पगार मिळाला का, हे कुणी विचारलं नाही. दुकानदाराबद्दल सहानुभूती आहे, दुकानातल्या नोकराबद्दल फारशी नाही, हे माझं मत.

दुसरं कारण हिशेबाचं. मॉलच्या एकाच मजल्यावर गल्ल्यावरची मुलगी एका एजन्सीची, सफाईवाला दुसऱ्या, शाम्पूच्या कपाटाजवळची प्रमोटर त्या ब्रँडची. संपाची नोटीस कुणाच्या नावे काढणार? कुणाला लढायचंच असेल तर आधी पगाराच्या पावतीवर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघावं. मग ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) तपासावा. 21 हजारांपर्यंत पगार असेल तर कामगाराचे 0.75 टक्के कापले जातात, मालकाने 3.25 टक्के भरायचे. कापले आणि भरलेच नाहीत, ही नेहमीची भानगड. त्याची तक्रार एकट्यालाही करता येते, संप लागत नाही.

आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. पूर्वी केंद्राच्या कायद्यात सक्तीची नोटीस फक्त सार्वजनिक सेवांना होती, आता 14 दिवसांची नोटीस सगळ्या आस्थापनांना. त्या 14 दिवसांत समेटाची पहिली बैठक लागली की बोलणी चालू असेपर्यंत आणि संपल्यावर 7 दिवस संप बेकायदा. निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरतात. ‘आजारी आहे’ म्हणून सगळ्यांनी घरी बसायची जुनी युक्ती आता करू नये.