सोसायटीतला केक आणि केकखालचं पत्रक

केडगावची पणती:
'नाताळच्या आडून जाळं' हा परवाचा धागा वाचला. तक्रार अशी की वडगाव शेरीतल्या एका सोसायटीत कॅरोलवाले आले, केक वाटला आणि त्याबरोबर लहान मुलांच्या हातात येशूची पत्रकं दिली. खाली नुसता 'तांदळासाठी बाटलेले' हाच जप. तो धागा बंद केलाय, म्हणून इथे लिहिते.

माझी पणजी १८९७ च्या दुष्काळातली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या पोरी केडगावच्या मुक्तीत, म्हणजे त्यांच्या आश्रमात आणल्या, त्यांतली एक. हो, तिला भाकरी मिळाली. ती दुसऱ्या कुणी दिली असती तर आज मी गणपती बसवत असते. पण भाकरीवर थांबलं नाही. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथल्याच छापखान्यात बायकांनी छापलं, त्यात पणजी खिळे जुळवायला होती. एवढं शिकवून कुणी बाटवत असेल तर बाटवू द्या.

राहिलं कॅरोल. मी त्या टोळीत नव्हते, दुसऱ्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये आहे. आमच्याकडे सकाळी मराठी उपासना, मग इंग्रजी, दुपारी तेलुगू. कॅरोलला सगळे एकत्र निघतो आणि कुठल्या भाषेत गायचं यावरून दरवर्षी टेम्पोतच भांडतो. इंग्रजी सुरू केलं की बाल्कन्यांतून मोबाइल बाहेर येतात, "हाऊ क्यूट". तेच ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन टाळ-ढोलकीवर घेतलं की वॉचमन रजिस्टर घेऊन धावतो: कुठून आलात, कुणाच्या परवानगीने? प्रचार म्हणे मराठीतच होतो.

कसब्याचा बाप:
ताई, छान लिहिलंत. पण तो धागा माझाच होता, आणि प्रश्न केकचा नव्हता. माझा मुलगा सात वर्षांचा. रात्री दिवा घालवल्यावर विचारतो, "बाबा, आपण नरकात जाणार?" आजी वारली त्याला चार महिने झालेत. आजी कुठे गेली, हा त्याचा पुढचा प्रश्न. द्या उत्तर. रमाबाई थोरच. त्यांचं नाव पुढे करून हे पत्रक झाकू नका.

पेठी खवचट:
पत्रक मीही पाहिलं. 'जीवन' मधला 'जी' ऱ्हस्व. आधी शुद्धलेखन, मग तारण.
बाकी मिशनऱ्यांचं खाल्लं की काय होतं ते पुण्याला १८९० पासून ठाऊक आहे. पंचहौद मिशनात लोकमान्य, रानडे वगैरे गेले, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण उभं राहिलं. केक खाणाऱ्यांनी प्रायश्चित्ताची तयारी ठेवावी.

सदाशिवपेठेतून:
रानडे प्यालेच नव्हते, कप नुसता हातात घेतला होता. आमच्या पणजोबांनी सांगितलेलं आहे.

पेठी खवचट:
तुमचे पणजोबा टेबलाखाली होते का? प्याले नाहीत तर १८९२ ला प्रायश्चित्त कशाचं घेतलं?

सदाशिवपेठेतून:
मित्रांच्या घरची लग्नकार्यं अडली होती म्हणून. टिळकांनी आधीच काशीत उरकलंय असं सांगितलं, ते चालतं वाटतं तुम्हाला?

पेठी खवचट:
लोकमान्यांवर घसरू नका. आधी वाचा.

नाना पेठकर:
चहा पुरे. सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या गोव्याच्या ख्रिस्ती लोकांना इथे चर्चसाठी जागा दिली, १७९२ साली. पेशव्यांना चाललं. सोसायटीच्या चेअरमनला चालत नाही.

कसब्याचा बाप:
जागा प्रार्थनेला दिली, माझ्या पोराला घाबरवायला नाही. आणि १९७७ चा स्टॅनिस्लॉस खटला वाचा. सुप्रीम कोर्ट म्हणतं, प्रचाराचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही.

नाना पेठकर:
प्रचाराचा आहे, हे तुमच्याच तोंडून निघालं. उपकार झाले.

येरवड्याचा:
कप कुणी धरला यावर इतके प्रतिसाद! आमच्या आज्याला चहा द्यायलाच कुणी तयार नव्हतं, म्हणून त्याने बाप्तिस्मा घेतला. वाटलं, जात देवळाबाहेर राहील. राहिली नाही. मंडळीत कोण कुणाला पोरगी देतं, विचारा पाळकांना. वर १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्याला ती सवलत नाही. शिखांना १९५६ ला मिळाली, बौद्धांना १९९० ला, आम्ही रांगेतच. 'तांदळासाठी' म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडावा. माझ्या भावाला फीसाठी दाखला मिळाला नाही, तो आज टेम्पो चालवतो.
आणि पणतीबाई, तुमची ती तीन भाषांची टोळी आमच्या वस्तीत कधी आली?

केडगावची पणती:
नाही आली. यादी करताना कुणीतरी म्हणालं, तिथे पार्किंग नाही. मी गप्प बसले.
कसब्याचे बाबा, ते पत्रक आमच्या मंडळीचं नाही, पण माझ्या लेकाला न विचारता कुणी असलं काही दिलं असतं तर मीही गेटवर भांडले असते. आजीचं वाचून वाईट वाटलं. 'जाळं' मात्र मागे घ्या.

कसब्याचा बाप:
शीर्षक बदलतो. मजकूर राहील. केक चांगला होता, हे बायकोने लिहायला सांगितलंय.

सदाशिवपेठेतून:
म्हणजे खाल्ला!

येरवड्याचा:
पणतीबाई, चोवीस तारखेला या. रिक्षाने या. ते टाळ-ढोलकीवालं घ्या, इंग्रजी नको. पत्रकं आणू नका, आमच्याकडे गठ्ठे पडलेत.