मदत हवी आहे: हाफबॅकची हिंमत ओळखायची कशी?

मंडळी, रग्बी लीग नेमाने बघणाऱ्यांनी जरा मदत करा. भावाशी वाद मिटतच नाहीये. आमच्या आवडत्या संघाच्या हाफबॅकला, म्हणजे चाली रचणाऱ्या सात नंबरच्या खेळाडूला, तो सरळ भित्रा म्हणतो, कारण त्याचे टॅकल सुटतात. मला हे पटत नाही. समोरचे मुद्दाम धिप्पाड सेकंड-रोअर (ताकदीने धडक देणारे फॉरवर्ड) त्याच्याच अंगावर सोडतात. बचावात दमवला की पुढे त्याची किकही ढिली पडते. मग सुटलेला टॅकल म्हणजे भीती, की नुसता वजनाचा फरक?

हिंमत म्हटलं की मला रूस्टर्स संघाचा हाफबॅक कूपर क्रॉंक आठवतो. 2018 ची एनआरएल (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली मोठी रग्बी लीग स्पर्धा) ग्रँड फायनल, खांद्याचं पातं मोडलेलं, तरी गडी मैदानात! रूस्टर्सनी मेलबर्न स्टॉर्मला 21-6 हरवलं. पण असं रोज कुठे दिसतं?

तर साध्या सामन्यात नेमकं काय बघावं? पाय रोवून खांदा घालतोय की नुसता हात लांबवून जर्सी ओढतोय, एवढंच मला कळतं. बचावाची रांग सोडून एकट्यानेच पुढे धावणं, हे धाडस की घाबरगुंडी? आणि आतल्या बाजूचा जोडीदार उशिरा पोचला, तर दोष कुणाच्या माथी?